सकाळी सहाचा सेल्फ : थंडीत न उठणाऱ्या जुन्या पेट्रोल गाडीचं निदान

"दादा, एका सेल्फात उठली की! कुठंय प्रॉब्लेम?"

जुनी गाडी सांभाळणाऱ्या प्रत्येक नाशिककराने हे वाक्य डिसेंबर-जानेवारीत मेकॅनिककडून एकदा तरी ऐकलेलं असतं. सकाळी सहाला याच गाडीने दहा मिनिटं रडवलेलं असतं. शेजारचे आप्पा माकडटोपी घालून धक्का द्यायला बाहेर आलेले असतात. पण द्वारका चौकाजवळच्या गॅरेजचं शटर वर जाईस्तोवर साडेनऊ वाजतात, बॉनेटवर ऊन आलेलं असतं आणि इंजिन एकदा तापून गेलेलं असतं. मेकॅनिकची यात चूक नाही, थंड गाडी त्याच्या वाट्याला येतच नाही. मग तो अंदाजाने प्लग बदलतो, पुढच्या खेपेला कॉइल, त्याच्या पुढच्या खेपेला बॅटरी. तोवर संक्रांत होऊन जाते, थंडी ओसरते, गाडी आपोआप "बरी" होते आणि पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा तेच.

म्हणून हे निदान आपल्यालाच करायला लागतं. माझ्याकडे १९९६ ची कार्बोरेटरवाली, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळायची जुनी पद्धत असलेली, मारुती ८०० आहे, राहायला मखमलाबादच्या बाजूला. आजूबाजूला अजून द्राक्षबागा आहेत, त्यामुळे शहरापेक्षा एक-दोन अंशांनी गारवा जास्तच. पुढे जे लिहिलंय ते या गाडीवर आणि ओळखीपाळखीच्या ओम्नी, पद्मिनींवर करून पाहिलेलं आहे.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाकू. नाशिकची थंडी हे गाडी न उठण्याचं कारण नाही. शहरात पारा आठ-दहापर्यंत उतरतो. निफाडच्या कुंदेवाडीत, गहू संशोधन केंद्रात, तो पाचाच्या खाली गेला की पेपरात पहिल्या पानावर येतो आणि बागायतदार मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवतात. द्राक्षाला ही थंडी कडाक्याची, पेट्रोल इंजिनाला किरकोळ. धडधाकट कार्बोरेटर गाडी शून्याच्या आसपासही चोक ओढून दोन-तीन सेल्फात उठायला हवी. तुमची आठ अंशाला उठत नसेल तर तिच्यात काहीतरी आधीपासून बिघडलेलं आहे. उन्हाळ्यात ते खपून जातं, इतकंच.

खपून का जातं? थंडीत तीन गोष्टी एकदम अंगावर येतात. बॅटरीची ताकद घटते. शून्य अंशाला साधारण पाचवा हिस्सा जातो, आठ-दहा अंशाला त्याहून कमी, पण जातो. ऑइल घट्ट होतं, म्हणजे सेल्फला नेमकी आत्ता जास्त ताकद लागते. आणि पेट्रोल पुरेसं उडत नाही. पेट्रोल द्रव म्हणून पेटत नाही, त्याची वाफ पेटते, आणि थंड इनटेकमध्ये निम्मंअधिक पेट्रोल भिंतींना ओलं चिकटून बसतं. ती तूट भरून काढायला चोक असतो, तो हवा अडवतो म्हणून मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं. या तिन्हींपैकी प्रत्येकात थोडी थोडी कसर असलेली गाडी मे महिन्यात टकाटक उठते आणि जानेवारीत दगा देते.

एका सकाळी एकच प्रयोग

या निदानातली खरी अडचण इथे आहे. पूर्ण थंड इंजिन दिवसातून एकदाच मिळतं. एकदा का ते दोन मिनिटं चाललं की पुढची संधी दुसऱ्या दिवशी. म्हणून सकाळी उठून घाईघाईत चोक, रेस, सेल्फ, धक्का सगळं एकदम करायचं नाही. त्याने गाडी उठेल कदाचित, पण का उठत नव्हती ते कळणार नाही. आठवडा लागेल असं धरून चाला. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहायचो: तारीख, तापमान, काय केलं, काय झालं. चार ओळींनंतर चित्र दिसायला लागतं.

सामान फार नाही. तीन-चारशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर, प्लगपाना, दहा-बाराचे पाने, टॉर्च, पॉलिश पेपर, एक नवा प्लग आणि चावी फिरवायला घरातलं एक माणूस. आमच्याकडे ही जबाबदारी सौभाग्यवतींवर आली. "अहो, पण मी नेमकं ऐकायचं काय?" हा त्यांचा पहिला प्रश्न, आणि तो अगदी बरोबर होता.

रात्री गाडी अशी लावा की बॉनेट पूर्ण उघडेल. हेडलाइट मिनिटभर लावून बंद करा, म्हणजे चार्जिंगमुळे वर चढलेलं फसवं व्होल्टेज उतरतं. पाच-दहा मिनिटांनी बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर लावून आकडा लिहून ठेवा. १२.६ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे बॅटरी बसत चाललीय. सकाळी हात लावण्याआधी पुन्हा मोजा. रात्री १२.६ आणि सकाळी १२.२ असेल तर एक तर बॅटरी आतून गेलीय, नाहीतर रात्रभर काहीतरी करंट खातंय. टेप, अलार्म, डिकीचा दिवा, नंतर जोडलेले हॉर्न. मीटर अँपिअरवर ठेवून बॅटरीच्या मायनस केबलच्या मध्ये जोडून पाहा. सगळं बंद असताना पन्नास मिलीअँपिअरपेक्षा जास्त जात असेल तर एकेक फ्यूज काढत चोर शोधा. मात्र मीटर असा जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारायचा नाही. मीटर जातो.

पहिली सकाळ: फक्त ऐका

सेल्फ मारण्याआधी एक काम, आणि ते करायला मला कोणी सांगितलं नव्हतं याचं अजून वाईट वाटतं. एअर क्लीनरचं झाकण आणि फिल्टर काढा. चोकची पट्टी बोटाने उघडी धरून टॉर्चने कार्बोरेटरच्या घशात बघा आणि दुसऱ्या हाताने अ‍ॅक्सिलरेटरची तार एकदा ओढा. आत पेट्रोलची बारीक, सरळ धार उडायला हवी. उडाली तर फ्लोटच्या वाटीत, म्हणजे कार्बोरेटरमधल्या छोट्या साठ्यात, पेट्रोल आहे आणि अ‍ॅक्सिलरेटर पंप शाबूत आहे. कोरडं असेल तर वाटी रात्रीतून रिकामी झालीय, आणि सेल्फ मारायच्या आधीच निम्मं उत्तर मिळालं. काही कार्बोरेटरना वाटीच्या बाजूला काचेची छोटी खिडकी असते. तिथे पातळी नुसती दिसते.

आता झाकण पुन्हा बसवा, चोक पूर्ण ओढा, आत बसलेल्या माणसाला सेल्फ मारायला सांगा आणि स्वतः बॉनेटपाशी उभे राहा. दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि दोन सेल्फांच्या मध्ये अर्धा ते एक मिनिट विश्रांती. सलग घुरघुरवलं तर सेल्फची मोटर तापते आणि बॅटरी अकारण मरते.

आवाज चार प्रकारचे. नुसतं "टक्" होऊन गप्प. किंवा "घुं... घुं... घुं...", म्हणजे म्हातारा जिना चढतोय तसं. किंवा सेल्फ जोरात, एका लयीत फिरतोय पण इंजिन दाद देत नाही. किंवा फुर्रकन पेटते, दोन-चार सेकंद चालते आणि मरते. पहिल्या दोन आवाजांचं मूळ करंटमध्ये. तिसऱ्याचं पेट्रोल किंवा ठिणगी. चौथ्याचं बहुतेक वेळा चोक किंवा स्लो जेट (रेस न देता पेट्रोल पुरवणारं बारीक भोक). हे एवढं नक्की झालं की पहिल्या सकाळचं काम संपलं. आता गाडी धक्का मारून घेऊन जा कामाला.

सेल्फ जड फिरत असेल तर

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. सेल्फ जड फिरला की दहातले नऊ जण म्हणतात बॅटरी बदला. मीही बदलली होती. ओळखीच्या एका दुकानातून नवी कोरी ३५ अँपिअर-अवरची घेतली, आठवडा बरा गेला आणि पुन्हा तेच "घुं... घुं...". दुकानदार म्हणाला अल्टरनेटर चार्ज करत नाही, अल्टरनेटरवाला म्हणाला सेल्फ बांधून घ्या. सेल्फ बांधला. नवे बुश, नवे कार्बन. काही फरक नाही.

शेवटी भद्रकालीतल्या एका म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियन चाचांनी दोन मिनिटांत दाखवलं. बॅटरीची मायनस केबल बॉडीला जाते आणि तिथून इंजिनाला एक विणलेली तांब्याची पट्टी जाते, ती अर्थिंगची. माझ्या गाडीत ती पट्टी बोल्टपाशी हिरवी पडली होती, निम्मे धागे तुटलेले आणि बाकीच्यांवर वर्षानुवर्षांच्या ऑइलचा थर. चाचांनी मला सेल्फ मारायला सांगितला, मग माझा हात धरून त्या पट्टीवर ठेवला. चटका बसला. "ये देखो, आपकी बॅटरी इधर जल रही है," एवढंच ते म्हणाले. पट्टी शंभर-सव्वाशे रुपयांची असेल.

हात न भाजता हेच मीटरने कसं बघायचं ते सांगतो. आधी कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी ती) प्लस टोकावरची बारीक वायर काढून तिला टेप गुंडाळा, म्हणजे सेल्फ फिरेल पण गाडी उठणार नाही. कॉइलची मधली जाड वायर काढून तशीच लोंबती ठेवू नका. इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर मॉड्यूल उडू शकतं. मीटर वीस व्होल्ट डीसीवर. आता एक काडी बॅटरीच्या मायनस खुंटावर टेकवा, खुंटावर म्हणजे शिशाच्या खुंटावरच, क्लॅम्पवर नाही. दुसरी इंजिनाच्या उघड्या, खरवडलेल्या धातूवर. सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघा. ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंत ठीक. माझ्या गाडीत १.४ येत होता. सेल्फ शंभरेक अँपिअर ओढतो असं धरलं तर त्या फाटक्या पट्टीत दीडशेच्या आसपास वॉट नुसते उष्णतेत जात होते. मग हात भाजणारच.

तसंच प्लसच्या बाजूला करा: एक काडी बॅटरीच्या प्लस खुंटावर, दुसरी सेल्फच्या जाड वायरच्या बोल्टवर. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त नको. जास्त आला तर एकेक जोड मोजत पुढे जा. खुंट ते क्लॅम्प, क्लॅम्प ते वायर, वायर ते बोल्ट. आकडा जिथे उडी मारतो तिथे गंज आहे. खुंटावर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, पॉलिश पेपरने चकचकीत करा, घट्ट आवळा आणि वर व्हॅसलीन लावा. व्हॅसलीन आवळल्यावर, आधी नाही.

दोन्ही बाजू स्वच्छ निघाल्या तर मग बॅटरीकडे बोट दाखवा. सेल्फ फिरत असताना तिच्याच खुंटांवर ९.६ च्या खाली येत असेल आणि रात्री ती पूर्ण चार्ज होती, तर ती गेली. पाणी घालायच्या बॅटरीला हायड्रोमीटर लावा. भरलेल्या सेलचं गुरुत्व १.२६५ च्या आसपास असतं, आणि सहातला एकच सेल बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर चार्ज करून उपयोग नाही. आत आम्ल असतं, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवा, आणि पेटणारा वायू निघतो, म्हणून जवळ विडी-काडी नको. इंजिन चालू असताना खुंटांवर १३.८ ते १४.४ आले की अल्टरनेटर निर्दोष सुटला.

ऑइलबद्दल थोडक्यात. धूर मारते म्हणून इंजिनात जाड ऑइल टाकायचा सल्ला सर्रास मिळतो. २०डब्ल्यू-५० मधला "डब्ल्यू" विंटरचा, आणि त्याच्या आधीचा आकडा जितका लहान तितकं ऑइल थंडीत पातळ. मॅन्युअलमध्ये जो ग्रेड दिलाय तोच वापरा. धुराचा प्रश्न वेगळा.

सेल्फ जोरात, पण पेटत नाही

दुसऱ्या सकाळी हे घ्या. चोक ओढून दहा-दहा सेकंदांचे तीन सेल्फ. उठली नाही की थांबा आणि लगेच एक प्लग काढा. तो प्लग टॉर्चच्या उजेडात नीट बघा, कारण बाकी सगळं अंदाजाचं, हा एकटा साक्षीदार आतून आलेला आहे.

प्लग कोरडा, पेट्रोलचा वासही नाही: पेट्रोल पोचत नाही. ओलाचिंब, टोकावर थेंब, भपकारा: पेट्रोल पोचतंय, ठिणगी नाही किंवा दुबळी आहे. ओला नाही पण काजळीने मखमलीसारखा काळा: तिसरी कथा, तिच्याकडे थोड्या वेळाने येतो.

कोरड्या प्लगचं मूळ कार्बोरेटरच्या घशात धार दिसली नव्हती त्याच्याशी जुळतं. वाटीतलं पेट्रोल रात्रीतून उडून किंवा गळून जातं, आणि सकाळी एसी पंपाला (इंजिनावर चालणारा पेट्रोलचा पंप) टाकीपासून पुन्हा ओढून आणावं लागतं. पंपाची व्हॉल्व्ह धरत नसेल तर लाइनमधलं पेट्रोलही टाकीकडे परत गेलेलं असतं. उन्हाळ्यात सेल्फ जोरात फिरतो म्हणून हे लक्षात येत नाही. थंडीत बॅटरी दमते आणि पेट्रोल यायच्या आधीच संपते. तपासणी सोपी आहे: कॉइलची वायर काढलेली, कार्बोरेटरकडची पाइप काढून काचेच्या बाटलीत सोडा आणि सेल्फ मारा. काही फेऱ्यांत ठोक्याठोक्याने जोरदार पिचकारी यायला हवी. बराच वेळ लागला किंवा नुसते बुडबुडे आले तर पंपाचा पडदा, टाकीकडच्या रबरी पाइपला गेलेली भेग, किंवा फिल्टर. भेगेतून पेट्रोल बाहेर गळेलच असं नाही, हवा आत ओढली जाते. हे काम उघड्यावरच करा. इंजिन थंड असतानाच, आणि शेजारी शेकोटी पेटलेली नसताना. थंडीत हे सांगायला लागतं.

ओल्या प्लगच्या बाबतीत आधी गाडी ओव्हर झाली नाही ना, म्हणजे जास्तीच्या पेट्रोलने प्लग भिजले नाहीत ना, ते बघा. दहा वेळा अ‍ॅक्सिलरेटर दाबायची सवय अनेकांना असते, आणि प्रत्येक दाबागणिक ती धार आत जाते. सोडवायचा उपाय: चोक पूर्ण आत, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा, पंप करायचा नाही, आणि दहा सेकंद सेल्फ. हवा जाऊन पेट्रोल बाहेर पडतं. उठली तर चूक पायाची होती.

नाही उठली तर ठिणगी बघा. काढलेल्या प्लगाचं भोक फडक्याने बंद करा. नवा प्लग वायरला लावून इंजिनाच्या धातूवर आडवा ठेवा, कार्बोरेटरपासून लांब, आणि वायरला हात लावू नका. निळी-पांढरी, टिक-टिक आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळी, बारीक, मधेच गायब होणारी ठिणगी मोकळ्या हवेत दिसते, पण सिलिंडरमधल्या दाबाखाली तीही मिळत नाही.

दुबळ्या ठिणगीची मुळं बहुधा डेल्कोत, म्हणजे ठिणगी प्रत्येक प्लगला वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये, असतात. कॅप काढा. आतून ओलसर दिसते का? गोदाकाठच्या किंवा गंगापूर धरणाच्या बाजूच्या वस्तीत सकाळचं दव जुन्या तडकलेल्या कॅपमध्ये सहज शिरतं. कोरड्या फडक्याने पुसून पाहा. तेवढ्याने उठली तर कॅप बदला, कारण पुसणं रोजचं होईल. आत पेन्सिलीने ओढल्यासारख्या काळ्या रेघा असतील तर ठिणगीने स्वतःचा चोरवाटेचा रस्ता पाडलाय. पॉइंटवाली (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे कॉन्टॅक्ट असलेली) डेल्को असेल तर पॉइंटवर खड्डा-उंचवटा पडलाय का बघा. गॅप साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर, नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. प्लगच्या वायरी जुन्या असतील तर त्यांची परीक्षा अंधारातच होते: गाडी चालू असताना फवाऱ्याच्या बाटलीने पाण्याचा अगदी हलका तुषार वायरींभोवती मारा. फुटलेली वायर निळ्या मुंग्या सोडल्यासारखी चमकते.

आणखी एक खूण लक्षात ठेवा, फार जणांना माहीत नसते. सेल्फ चालू असताना अजिबात दाद नाही, पण चावी सोडल्या क्षणी, सेल्फ थांबता थांबता, "फट्" करून पेटते किंवा पेटल्यासारखं करते. तसं असेल तर प्लग, पॉइंट काही बदलू नका. सेल्फच्या वेळी कॉइलला व्होल्टेजच पोचत नाही. इग्निशन स्विचचे आतले कॉन्टॅक्ट झिजलेत, किंवा बॅटरी इतकी खाली बसतेय की सेल्फ सगळं खातोय. कॉइलच्या प्लसवर मीटर लावून सेल्फ मारा. तिथला आकडा त्याच वेळी बॅटरीवर येणाऱ्या आकड्याच्या जवळपास हवा. बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचं व्होल्टेज कमी करणारा रोध) असलेल्या गाडीत तो बहुधा सेल्फच्या वेळी वगळलेला असतो, तेव्हा तिथेही पूर्ण व्होल्टेज दिसायला हवं.

काळा मखमली प्लग आणि गायब थर्मोस्टॅट

काजळी धरलेला प्लग ठिणगी चोरतो. मीटर ओहमवर ठेवून एक काडी प्लगच्या मधल्या टोकावर, दुसरी त्याच्या आट्यांवर. स्वच्छ प्लग काहीच दाखवत नाही, अनंत रोध. काजळलेला काही हजार ओहम दाखवतो, म्हणजे ठिणगी उडी मारण्याऐवजी काजळीवरून घसरत जमिनीला जाते. पुसला, घासला, नवा बसवला की चार दिवस बरं. प्रश्न असा की काजळी येते कुठून.

एक तर चोक अर्धा ओढलेला राहतो आणि गाडी भाजीबाजारापर्यंत दोन किलोमीटर जाऊन परत येते, इंजिन कधी तापतच नाही. पण आपल्याकडे याहून मोठं कारण थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, नसणं. उन्हाळ्यात कधीतरी गाडी गरम झालेली असते, कोणीतरी "आपल्याकडे याची गरजच नाही" म्हणत थर्मोस्टॅट काढून फेकून दिलेला असतो. त्यानंतर पाणी पहिल्या सेकंदापासून रेडिएटरमधून फिरतं आणि जानेवारीत काटा निम्म्यापर्यंतही चढत नाही. पेट्रोल नीट जळत नाही, प्लग काळे, ऑइलमध्ये पेट्रोल उतरतं. सकाळी सात-आठ किलोमीटर चालवून बघा, पाथर्डी फाट्यापासून द्वारकेपर्यंत म्हणा. काटा नेहमीच्या जागी आला नाही तर थर्मोस्टॅट नाही किंवा उघडाच अडकलाय. काढून पातेल्यात पाणी तापवून त्यात सोडा. साधारण ८२ अंशाचा असेल तर पाण्यातून वाफा दाट व्हायला लागल्यावर, उकळी फुटायच्या बऱ्याच आधी, तो डोळ्यांदेखत उघडतो आणि गार झाला की मिटतो. पातेलं स्वयंपाकातलं घेऊ नका. अनुभवाचे बोल.

पेटते आणि मरते

इथे आधी चोक बघा, कारण दोन मिनिटांचं काम आहे. एअर क्लीनर उघडून, आतल्या माणसाला बटण पूर्ण ओढायला सांगा. घशावरची पितळी पट्टी पूर्ण मिटायला हवी, सगळीकडून. माझ्या गाडीत बटण पूर्ण बाहेर यायचं, हाताला व्यवस्थित "ओढल्यासारखं" लागायचं, पण तारेचा स्क्रू सरकल्यामुळे पट्टी करंगळी जाईल एवढी उघडी राहायची. मे महिन्यात तेवढा चोक पुरत होता. अर्ध्या सेंटिमीटरने तार मागे घेतली, स्क्रू आवळला. त्या हिवाळ्यातला माझा निम्मा त्रास तिथे संपला, आणि बाकीचा निम्मा त्या अर्थिंगच्या पट्टीत होता.

चोक पूर्ण मिटतोय, गाडी उठते, पण चोक जरा आत ढकलला की मरते, आणि पाच-दहा मिनिटांनी तापली की शहाण्यासारखी चालते? मग मिश्रण पातळ आहे. स्लो जेट बुजलाय किंवा कुठून तरी फुकट हवा शिरतेय: कार्बोरेटरखालचं पॅकिंग, ब्रेक बूस्टरची पाइप, व्हॅक्यूमच्या बारीक रबरी नळ्या. या नळ्या थंडीत आखडतात आणि गरम झाल्यावर पुन्हा बसतात, म्हणून मेकॅनिकला सापडत नाहीत. सकाळीच त्या एकेक चिमटीत दाबून बघा. दाबल्यावर इंजिन सुधारलं तर तीच नळी.

या सगळ्यावर इथेनॉलची भर पडलीय. ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, २०२३ पासून पंपांवर यायला लागलं आणि २०२५ पर्यंत जवळपास सगळीकडे तेच झालं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९. जुन्या कार्बोरेटरचे जेट पेट्रोलच्या हिशोबाने पाडलेले, त्यामुळे मिश्रण आपोआप पातळ होतं. शिवाय इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, आणि थंड इंजिनात तीच तर नसते. चोक पूर्वीपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो हे त्यामुळे खरं आहे. पण ई-२० ने गाडी बंदच पडते असं मी म्हणणार नाही, माझी चालते. जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉलला चालणारे बदलून घ्या, ते आतून मऊ पडतात आणि त्यांचा चुरा फिल्टरमध्ये अडकतो. महिना-दीड महिना उभ्या असलेल्या गाडीत पाणी शिरलं असेल तर थंडीत ते इथेनॉलला घेऊन तळाशी वेगळं बसतं. त्या बाटलीतल्या पिचकारीचं पेट्रोल रात्रभर बाहेर ठेवून सकाळी उजेडात धरा. दोन थर दिसले तर टाकी रिकामी करण्यावाचून इलाज नाही.

एमपीएफआय असेल तर

२००० नंतरच्या बऱ्याच गाड्या एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी संगणकाच्या हुकमाने इंजेक्टरमधून पेट्रोल सोडणाऱ्या. अशा गाडीत चोक नाही, पण तिच्या संगणकाला इंजिन थंड आहे हे सांगणारा पाण्याचा सेन्सर आहे. तो खोटं बोलला की गाडी समजते इंजिन गरमच आहे, आणि पेट्रोल कमी सोडते. बहुतेक गाड्यांत वीस अंशाला त्याचा रोध दोन ते तीन हजार ओहम असतो, गारठ्यात वाढतो, ऐंशी अंशाला तीनेकशेवर येतो. सकाळी आठ अंशाला तो काही शेच दाखवत असेल तर बदला. दुसरी युक्ती: चावी ऑन करा, मागे पंपाचा दोन सेकंद घुंsss असा आवाज येईल, बंद करा, असं तीनदा करून मग सेल्फ मारा. अशी पटकन उठली तर रात्रीतून लाइनचा दाब उतरतोय, पंपाची व्हॉल्व्ह किंवा गळका इंजेक्टर बघायला सांगा.

आपल्या हातचं नसेल तर

करंट ठीक, ठिणगी ठीक, पेट्रोल ठीक, तरी उठत नाही, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. टॅपेट (व्हॉल्व्हची गॅप) फार टाइट झालेत, व्हॉल्व्ह बसत नाहीत, किंवा रिंगा गेल्यात. सगळे प्लग काढून, रेस पूर्ण दाबून मोजायचं. एखाद्या सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा. आकडा वर चढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. टॅपेट सेट करणं स्वस्त आहे, म्हणून ते आधी.

काही गोष्टी करू नका. कार्बोरेटरच्या तोंडात बाटलीने पेट्रोल ओतून सेल्फ मारू नका, उलट भडका आला की भुवया जातात, कधी गाडीही. बंद पार्किंगमध्ये शटर लावून इंजिन गरम करू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा) असलेल्या गाडीला पुन्हा पुन्हा धक्का मारू नका, न जळलेलं पेट्रोल त्यात जाऊन तो जळतो. आणि जंप केबल लावताना शेवटचं मायनस टोक उतरलेल्या बॅटरीवर नाही, इंजिनाच्या धातूवर, बॅटरीपासून लांब.

गॅरेजात न्यायचीच वेळ आली तर सकाळी नेऊ नका. आदल्या संध्याकाळी नेऊन सोडा आणि मेकॅनिकला सांगा, उद्या दुकान उघडल्यावर पहिला सेल्फ तुम्हीच मारा, त्याआधी कोणी हात लावू नका. सावलीत उभी राहिलेली गाडी साडेनऊलाही गारच असते. आमच्या आप्पांची ओम्नी अशीच रात्रभर ठेवली होती, वायपरखाली कॅलेंडरचा तो कागद खोचून. दहा वाजता फोन आला: "कागदावर लिहिलंय तसंच झालं, प्लग कोरडा. पंपाचा पडदा फाटलाय. टाकू का?"